पिवळ्याचे तीन सेकंद

फोनवर मेसेज येतो. गाडीचा नंबर, चौकाचं नाव, दंडाची रक्कम, खाली एक लिंक. लिंक उघडली की फोटो. गाडी आपलीच, दिवा लाल, चाकं पांढऱ्या पट्टीच्या पुढे. वाद घालायला समोर हवालदारही नसतो. आपण दोन शिव्या घालतो आणि कधीतरी पैसे भरून टाकतो.

फोटोत सगळं दिसतं, एक गोष्ट सोडून. लाल व्हायच्या आधी पिवळा किती वेळ होता, हे फोटोवरून कळत नाही. आता हा प्रश्न म्हणजे पळवाट वाटेल. मलाही वाटायची. पण सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचा इतिहास वाचत गेलं की शेवटी आपण याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. या प्रश्नापायी अमेरिकेत हजारो लोकांना दंड झाला, आणि एका माणसाला तर गणित मांडल्याबद्दल सरकारने दंड ठोठावला.

आधी दिवा आला

जगातला पहिला वाहतूक सिग्नल 1868च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये पार्लमेंटजवळ लागला. रेल्वेसारखे हलणारे हात आणि रात्रीसाठी गॅसचे लाल-हिरवे दिवे. महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग बारगळला. विजेचा सिग्नल 1914मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात आला. त्यात दोनच रंग होते. तिसरा, म्हणजे पिवळा, रस्त्यावर आणण्याचं श्रेय डेट्रॉइटचे पोलीस विल्यम पॉट्स यांना दिलं जातं. साल 1920.

म्हणजे पिवळा हा मागाहून आलेला पाहुणा. त्याचं कामही अवघडच. लाल सांगतो थांब, हिरवा सांगतो जा. पिवळा म्हणतो, तुझं तू ठरव.

मग कॅमेरा आला

कॅमेऱ्याची गोष्ट मात्र सुरू होते एका वेगवेड्या माणसापासून. माउस गॅटसोनाइड्स हा डच रॅली ड्रायव्हर, जन्म 1911चा, तेव्हा डचांच्या ताब्यात असलेल्या जावामधला. 1953 साली त्याने फोर्ड झेफिर गाडी घेऊन माँटे कार्लो रॅली जिंकली. वळणावर आपला वेग नेमका किती असतो हे मोजायला त्याने एक यंत्र तयार केलं. हेतू एकच, आणखी जोरात जाता यावं. पुढे 1958मध्ये त्याने कंपनी काढली आणि वेग वाढवण्यासाठी बनलेलं यंत्र वेग पकडण्यासाठी विकायला लागला. साठच्या दशकात लाल दिवा तोडणाऱ्यांचे फोटो काढणारे कॅमेरे नेदरलँड्समध्ये आले.

त्यांची रचना आजही मुळात तीच आहे. रस्त्यात गाडी ओळखणारा सेन्सर असतो आणि तो सिग्नलला जोडलेला असतो. दिवा लाल झाल्यावर गाडी पट्टी ओलांडून गेली की एक फोटो, चौकाच्या मध्यात पोचली की दुसरा. पूर्वी फिल्मचे रोल जाऊन बदलावे लागत, आता सगळं तारेवरून जातं. न्यूयॉर्कने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला हे कॅमेरे लावले, आणि 2003मध्ये शिकागोने. काही वर्षांत शिकागोची यंत्रणा अमेरिकेतली सर्वांत मोठी झाली. एका चुकीला 100 डॉलर दंड.

शिकागोत काय झालं

शहराचं म्हणणं साधं होतं. लाल दिवा तोडणारी गाडी आडव्या जाणाऱ्या गाडीच्या कुशीत घुसते. पुढून आपटली तर मध्ये इंजिन असतं, बाजूने आपटली तर मध्ये फक्त दार असतं. म्हणून असे अपघात जास्त जीवघेणे. कॅमेरा लावला की लोक घाबरतील, अपघात कमी होतील. हे म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे घडलं ते वाचून कॅमेरा म्हणजे निव्वळ लूट असंच वाटायला लागतं.

2012मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या वर्तमानपत्राने खणायला सुरुवात केली. कॅमेरे पुरवणारी कंपनी होती रेडफ्लेक्स आणि तिचं कंत्राट सांभाळणारा महापालिकेचा अधिकारी होता जॉन बिल्स. पैसे, सहली, अ‍ॅरिझोनात राहायला घर, असं बरंच काही त्याच्यापर्यंत पोचलं होतं. 2016मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. कंपनीच्या माजी मुख्याधिकारी बाईही तुरुंगात गेल्या.

पण लाच ही जुनीच गोष्ट. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो एका सेकंदाचा दहावा भाग.

शिकागोत 30 मैल वेगमर्यादेच्या रस्त्यावर पिवळा तीन सेकंद ठेवायचा असा नियम. विजेच्या दाबातल्या चढउताराने तो कधी किंचित कमी भरायचा. आधी तीनपेक्षा कमी पिवळा असलेल्या नोंदींवर दंड होत नसे. 2014मध्ये कंत्राटदार बदलला आणि मर्यादा 2.9 सेकंदांवर आली. कुणी जाहीर केलं नाही. शहराच्या महानिरीक्षकाने नंतर मोजलं तेव्हा अशा सुमारे 77,000 पावत्या निघाल्या. 100 डॉलरने गुणा, 77 लाख डॉलर होतात. टीका झाल्यावर शहराने मर्यादा पुन्हा तीनवर नेली. घेतलेले पैसे मात्र परत केले नाहीत.

दशांशाने काय बिघडतं?

गणित करून बघू. ताशी 30 मैल म्हणजे 48 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण 13.4 मीटर. पिवळा दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरतात. तेवढ्यात 13 मीटर गेले. मग मागच्या सीटवरची पिशवी पुढे येऊन पडणार नाही अशा बेताने ब्रेक लावला तर थांबायला आणखी 29-30 मीटर. एकूण 43 मीटर. म्हणजे पट्टीपासून 43 मीटरच्या आत असताना पिवळा लागला, तर थांबणं अवघड आहे, जायलाच हवं. आणि 43 मीटर जायला त्याच वेगाने 3.2 सेकंद लागतात.

पिवळा तीनच सेकंदांचा असेल तर तेवढ्यात गाडी 40 मीटर जाते. पट्टीपासून 40 ते 43 मीटरच्या मधल्या पट्ट्यात जो सापडला त्याला ना नीट थांबता येतं, ना वेळेत पट्टी गाठता येते. इकडे आड, तिकडे विहीर. पिवळा 2.9 झाला की हा पट्टा आणखी रुंद. तो माणूस बेदरकार नसतो. पिवळा लागला त्या क्षणी तो चुकीच्या जागी असतो, एवढंच.

हे गणित नवं नाही. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतल्या गॅझिस, हर्मन आणि माराडुडिन या तिघांनी ते 1960मध्येच छापलं होतं. जगभरचे अभियंते त्यावरूनच पिवळ्याचा वेळ ठरवत आले.

पन्नासएक वर्षांनी, 2013मध्ये, ओरेगन राज्यातल्या बीव्हर्टन गावात एका बाईंना कॅमेऱ्याची पावती आली. नवरा मॅट्स यार्लस्ट्रॉम, मूळचा स्वीडनचा, इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस. तो गणिताच्या मागे लागला. त्याच्या लक्षात आलं की सूत्र सरळ जाणाऱ्या गाडीसाठी आहे. वळणारी गाडी चौकाच्या आधी वेग कमी करते, म्हणून तिला जास्त वेळ लागतो, आणि सूत्र तो देतच नाही. त्याने हे राज्याच्या अभियंता मंडळाला कळवलं. मंडळाने गणित तपासायच्या ऐवजी परवान्याशिवाय अभियांत्रिकी केल्याबद्दल त्यालाच 500 डॉलर दंड केला! तो कोर्टात गेला आणि 2018मध्ये जिंकला. 1960च्या त्या तिघांपैकी माराडुडिन यांनीही त्याचं म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं. 2020मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने शिफारशीत बदल करून वळणाऱ्या गाड्यांचा विचार घातला.

मग जीव वाचले का?

शिकागो शहराचा दावा होता की बाजूने धडकण्याचे अपघात 47 टक्क्यांनी घटले. ‘ट्रिब्यून’ने 2014मध्ये तज्ज्ञांकडून अभ्यास करवून घेतला. बाजूच्या धडकेत जखमी होण्याचे अपघात 15 टक्क्यांनी कमी, पण मागून आपटून जखमी होण्याचे 22 टक्क्यांनी जास्त. कारण उघड आहे. दंडाच्या भीतीने पुढचा करकचून ब्रेक मारतो आणि मागच्याला ते अपेक्षित नसतं.

47 आणि 15 यांतला फरक कुठून आला? कॅमेरा बहुधा अशा चौकात लावतात जिथे आदल्या वर्षी खूप अपघात झाले. वाईट वर्षानंतर बरं वर्ष आपोआपही येतं. तापाच्या चौथ्या दिवशी अंगारा लावला आणि पाचव्या दिवशी ताप उतरला, तर श्रेय कुणाचं? हा भाग वजा केला की आकडा खाली येतो. आणि ज्या चौकांत मुळातच अपघात कमी होते, तिथे कॅमेऱ्याचा फायदा दिसलाच नाही.

म्हणून कॅमेरे निरुपयोगी का? तसंही नाही. 2005च्या केंद्रीय अभ्यासात 132 चौकांत बाजूच्या धडका 25 टक्क्यांनी कमी आणि मागच्या 15 टक्क्यांनी जास्त निघाल्या. मागून बसलेल्या धक्क्याने बंपर जातो, मान दुखते. कुशीत घुसलेल्या गाडीने माणूस जातो. हा हिशेब धरला तर निष्कर्ष फायद्याचा निघाला, पण थोड्याच. दुसरीकडे ह्यूस्टनच्या लोकांनी 2010मध्ये मतदान करून कॅमेरे काढून टाकले. तिथले आकडे अभ्यासणाऱ्या दोन अर्थतज्ज्ञांना कॅमेऱ्यांमुळे एकूण अपघात घटल्याचा पुरावा सापडला नाही.

शिकागोत कॅमेरे राहिले. 2017मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अभ्यासाने सांगितलं की एकूण फायदा आहे, पण दिवा लाल झाल्यावर कॅमेऱ्याने टिपेपर्यंतची सवलत 0.1 सेकंदावरून 0.3 करा. असल्या काठावरच्या लोकांमुळे अपघात होत नाहीत. शहराने ते मानलं. अपघात घडवतो तो बराच उशिरा, भरधाव घुसणारा, आणि तो या सवलतीनंतरही फोटोत येतोच.

या सगळ्यातून मी तरी तीन प्रश्न घेऊन उठलो. पिवळा किती सेकंदांचा आहे आणि तो कुणी मोजून बघतं का? दंडाच्या पैशावर कंत्राटदाराचं पोट अवलंबून आहे का? कॅमेरा लावण्याआधीचे आणि नंतरचे अपघात कुणी छापतं का? हे प्रश्न विचारायला परवाना लागत नाही, हे यार्लस्ट्रॉमने कोर्टातून लिहून आणलं आहे.

आणि हो, पट्टी खूप मागे असताना पिवळा दिसला तर थांबा. आडव्या रस्त्याने जो येतोय त्याच्या आणि तुमच्या मध्ये फक्त एक दार आहे.