दम, धाप आणि मूच्चु

कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् इथलं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ पाहिलं की मराठी माणूस हरखतो. मला मात्र तिथून पुढची तंजावरची वाट अधिक खुणावते, आणि तिथेही राजवाड्यापेक्षा काही कागद. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात देशी वैद्यकाबरोबर पाश्चात्त्य वैद्यकही चाले. नेत्ररोग्यांची टिपणं तिथे ठेवली जात : तक्रार, उपचार, उतार पडला की नाही, आणि सोबत त्या माणसाच्या डोळ्यांचं रंगीत चित्र. चित्र कशाला? रोगी तर समोरच बसला होता. मला वाटतं, जो समोर नाही त्यालाही तो डोळा दिसावा म्हणून.

हे कागद मला २०२१ साली पुन्हा आठवले. त्याआधी, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाचे नियम केंद्र सरकारने जाहीर केले होते. फोनवरून कोणतं औषध लिहून द्यावं, कोणतं मुळीच नाही, हे त्यात ठरलं. पण ते नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. दुसरी लाट आली, डॉक्टर अपुरे पडले, तेव्हा ३ मे २०२१ रोजी पंतप्रधान कार्यालयाने कळवलं की एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची मुलंही सौम्य कोविड रुग्णांना फोनवरून सल्ला देण्यासाठी आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी घेता येतील, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली.

वैद्यकाचं शिक्षण हाताचं. नाडी धरायची, पोट चाचपायचं, छातीला नळी लावायची. ते सगळं बंद आणि उरला तो कान. ऑक्सिजनचा आकडा ९४च्या खाली गेला का, हे विचारता येई. पण आकडा सांगणाऱ्याचं बोट यंत्रात नीट होतं का, बोटाला नेलपॉलिश होतं का, हेही विचारावं लागे.

माझी भाची तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. आजारांची नावं ती इंग्रजीत शिकलेली. फोनवर मात्र ‘दम लागतो’, ‘धाप लागते’, ‘जीव घाबरा होतो’, ‘कसंतरीच होतंय’ असं ऐकू येई. चारही वाक्यं एकाच रोगाची नव्हेत. तमिळमध्ये हेच ‘मूच्चु वांगुदु’ : श्वास घेतला जातोय, म्हणजे धाप लागली आहे. ‘वांगु’ म्हणजे घेणे, विकत घेणेसुद्धा. त्या उन्हाळ्यात सिलिंडरसाठी रांगेत उभ्या राहिलेल्यांना तो अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसता. पुस्तकी शब्दाने विचारलं तर माणसं ‘नाही’ म्हणतात, असं भाचीने वहीत लिहून ठेवलं होतं. ही वही मला धन्वंतरी महालातल्या टिपणांची धाकटी बहीण वाटते. डोळ्यांच्या चित्राच्या जागी तिच्यात लोकांची वाक्यं आहेत, जशीच्या तशी, तुटलेली.

या शिकण्याचं फार कौतुक करायला मी तयार नाही. ज्या वर्षी हात तयार व्हायचा त्या वर्षी या मुलांच्या हाती फोन होता, आणि ती उणीव पुढे कुणाच्या तरी पोटावर, छातीवर भरून काढावी लागते. तरी वहीतलं एक पान मी दोनदा वाचलं. एक आजी. आकडा ९५. ‘मला काही नाही गं बाई’ हे त्यांचं वाक्य तीन ठिकाणी तुटलं. तुटलं तिथे भाचीने तीन उभ्या रेघा मारल्या आहेत. खाली लिहिलंय : ‘सरांना सांगितलं. दाखल करा म्हणाले.’ दुसऱ्या दिवशी तिला दुसरी यादी मिळाली. आजींच्या नावापुढचा ‘उतार’ हा रकाना कोरा आहे.