उद्यानातले मारुत

महाराष्ट्रात रस्त्याने फिरताना एखाद्या चौकात किंवा बागेत निवृत्त लढाऊ विमान दिसते. गाडी थांबते, मुले पंखाखाली उभी राहतात, फोटो निघतो आणि सगळे ‘मिग होते’ म्हणत पुढे जातात. पुण्यात भांडारकर रस्त्याजवळच्या कमला नेहरू उद्यानातले आणि मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातले विमान मात्र मिग नव्हे. ते एचएफ-२४ मारुत, भारतात आखलेले आणि बांधलेले पहिले जेट लढाऊ विमान. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या हाताखाली बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ते घडले आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले. त्याच्यावर ‘फसलेला प्रयोग’ असा शिक्का बसला आहे. तो चुकीच्या जागी बसला आहे, आणि त्याचा पुरावा विमानाच्या अंगावरच आहे.

मारुतभोवती एक फेरी मारून पाहावी. धड मधोमध, कंबरेशी आवळलेले आहे. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो, तो कमी करण्यासाठी असा आकार देतात. टोकदार नाक आणि मागे झुकलेले पातळ पंखही त्याच हेतूचे. मग शेपटीकडे यावे. तिथे शेजारी शेजारी दोन झोत-नळ्या दिसतात. त्यांत बसत होती ऑर्फियस ७०३ इंजिने. चिमुकल्या नॅट लढाऊ विमानाला ज्या जातीचे एक पुरत असे, त्याच जातीची दोन. आराखडा केला होता याहून बऱ्याच ताकदवान ऑर्फियससाठी. त्या इंजिनाचे काम ब्रिटनमध्ये थांबले, पुढचा खर्च उचलायला भारत तयार झाला नाही. इजिप्तच्या ई-३०० इंजिनाचा प्रयत्नही तडीस गेला नाही. स्वनातीत वेगासाठी घडवलेले धड अखेरपर्यंत त्या वेगाच्या अलीकडेच राहिले.

यावर कोणी म्हणेल, इंजिनाशिवाय विमान कसले. ध्येय गाठले नाही म्हणजे अपयशच. ध्येय गाठले नाही हे खरेच आहे. शिवाय चारही तोफा एकदम डागल्या की विमानाला हादरे बसत, हा दोष तर रचनेचाच होता. पण १९७१च्या युद्धात हीच विमाने राजस्थान सीमेवर जमिनीलगत हल्ले करत राहिली, एक इंजिन निकामी होऊनही परतली, आणि त्यांच्या वैमानिकांना तीन वीरचक्रे मिळाली. धड कच्चे असते तर हे घडले नसते. एकूण १४७ मारुत बांधले गेले, तेही अशा देशात ज्याने त्याआधी एकही जेट लढाऊ विमान आखले नव्हते.

अपयश कुठे झाले हे नीट सांगणे महत्त्वाचे, कारण त्यावर उपाय ठरतो. आराखडाच फसला म्हणावे, तर परदेशी विमाने विकत घेणे हेच शहाणपण ठरते. इंजिन अडले म्हणावे, तर इंजिनावर वर्षानुवर्षे पैसा आणि माणसे लावणे भाग पडते. आपण बहुतेक वेळा पहिलेच मानले. म्हणून या विमानांच्या फलकांवर वेग आणि लांबीच्या आकड्यांबरोबर इंजिनाची ही हकीकतही लिहायला हवी. बागेत आलेल्या मुलांना ती कळणार नाही, हा आक्षेप मला पटत नाही. दोन नळ्या दाखवून ती दहा वर्षांच्या मुलालाही सांगता येते. आणि ही हकीकत मारुतपाशी संपलेली नाही. २००१ साली तेजस हे भारतीय लढाऊ विमान उडाले ते अमेरिकी इंजिनावर, आणि त्याच्या मार्क-१ए आवृत्तीची विमाने वायुदलाला मिळायला उशीर झाला, त्याचे एक मोठे कारण अमेरिकेतून इंजिने वेळेवर आली नाहीत हेच आहे.