अतिरक्तदाब-नियंत्रण, प्राथमिक आरोग्यसेवेतील

रोहिण्यांच्या भित्तींवर पडणारा रक्ताचा दाब दीर्घकाळ प्रमाणाबाहेर राहिला, तर त्या अवस्थेस ‘अतिरक्तदाब’ म्हणतात. प्रौढ व्यक्तीत वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मापनांत आकुंचनीय दाब १४० मिमी. (पारा) वा प्रसरणीय दाब ९० मिमी. किंवा त्याहून अधिक आढळल्यास ही अवस्था आहे, असे सामान्यतः मानले जाते. पक्षाघात, हृद्‌रोग व वृक्क (मूत्रपिंड) निकामी होणे हे तिचे प्रमुख परिणाम होत. ते उद्‌भवेपर्यंत बहुतेक रुग्णांत कोणतेही लक्षण नसते. त्यामुळे रुग्ण तक्रार घेऊन येईल, मग उपचार करू, ही वैद्यकाची नेहमीची रीत येथे अपुरी पडते. आपण निरोगी आहोत असे समजणाऱ्या माणसाचा दाब मोजावा लागतो व त्याला आयुष्यभर औषध घेण्यास प्रवृत्त करावे लागते. हे काम मोठ्या रुग्णालयापेक्षा गावच्या दवाखान्यात अधिक चांगले व कमी खर्चात होते, हे ध्यानात येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

मापनाचा विकास : स्टीव्हन हेल्झ या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीत नळी बसवून रक्ताचा स्तंभ ८ फुटांहून अधिक उंच चढतो, असे दाखविले. हे प्रयोग १७३३ मध्ये प्रसिद्ध झाले. मनुष्यावर सहज वापरता येईल असे साधन मात्र शीप्योने रीव्हा-रॉत्‌ची या इटालियन वैद्याने १८९६ मध्ये तयार केले. दंडाभोवती हवेने फुगणारा पट्टा व त्यास जोडलेली पाऱ्याची नळी, असे त्याचे स्वरूप होते. १९०५ मध्ये न्यिकली करॉत्कॉव्ह या रशियन शस्त्रवैद्याने पट्ट्याखालील रोहिणीतील ध्वनी श्रवणनलिकेने ऐकून दोन्ही दाब ठरविण्याची पद्धत वर्णिली. मापन त्यामुळे स्वस्त, निर्धोक व परिचारिकेलाही सहज शिकता येण्याजोगे झाले.

उपचारांचा उदय : मोजता येऊ लागले, तरी करावे काय हा प्रश्न राहिलाच. अरुंद झालेल्या रोहिण्यांतून रक्त ढकलण्यासाठी वाढीव दाब आवश्यक असतो, सबब तो उतरवू नये, असेही अनेक वैद्य मानीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले, त्या दिवशी तो ३००/१९० भरला. त्या काळी त्यांच्यासाठीही परिणामकारक औषध उपलब्ध नव्हते. १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगॅम गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांचे दीर्घकालीन निरीक्षण सुरू झाले आणि वाढीव दाब हा हृद्‌रोगाचा पूर्वगामी धोका असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

औषधोपचाराच्या इतिहासात मुंबईचा वाटा महत्त्वाचा आहे. हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी सर्पगंधा या परंपरागत वनस्पतीचा अतिरक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृद्‌रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. खिन्नता आणणे हा त्याचा दोष असल्याने ते पुढे मागे पडले. १९५८ पासून क्लोरोथायाझाइड हे मूत्रल व १९६० नंतरच्या दशकात बीटा-रोधक औषधे वापरात आली. उपचाराने प्राण वाचतात याचा निर्णायक पुरावा एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांवर केलेल्या चाचणीने १९६७ मध्ये दिला. तीत प्रसरणीय दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. गंभीर उपद्रव औषध घेणाऱ्यांत २ जणांना, तर औषधाचा केवळ आभास दिलेल्या गटात २७ जणांना झाले.

गावपातळीवरील प्रयोग : जूल्यन ट्यूडर हार्ट (१९२७–२०१८) हे वेल्समधील ग्लिनकॉरग या कोळसाखाणींच्या सु. २,००० वस्तीच्या गावी सामान्य वैद्य होते. १९६८ पासून त्यांनी तेथील सर्व प्रौढांचा दाब मोजण्याचे ठरविले. खोकला वा दुखापत यांसारख्या कोणत्याही कारणाने दवाखान्यात आलेल्याचा दाब त्याच वेळी घ्यायचा आणि जे येत नाहीत त्यांना शोधून काढायचे, अशी त्यांची साधी रीत होती. नोंदवह्या व पाठपुरावा यांवर त्यांचा भर असे. सु. २५ वर्षांच्या कामानंतर तेथील अकाली मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या तशाच गावापेक्षा सु. ३० टक्क्यांनी कमी आढळले. केवळ दोन गावांची ही तुलना असल्याने ती अंतिम प्रमाण ठरत नाही. तथापि तिने दिशा दाखविली. चांगल्या वैद्यकसेवेची उपलब्धता तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, हा त्यांनी १९७१ मध्ये मांडलेला नियम प्रसिद्ध आहे.

प्रतिबंधाची बाजू फिनलंडमधील उत्तर कारेलिया प्रांतात पुढे आली. १९७२ पासून तेथे लोणी, मीठ व तंबाखू यांचा वापर कमी करण्याची मोहीम आरोग्यकेंद्रे, परिचारिका व स्त्रियांच्या संघटना यांच्याद्वारे राबविण्यात आली. पुढील चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृद्‌रोहिणी-विकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

भारतातील कार्य : असांसर्गिक रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये आरंभिला गेला. त्यास पूरक असा अतिरक्तदाब-नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे त्यांत होते. सर्वत्र एकच सोपा औषधक्रम, एका वेळी महिन्याचे औषध, घराजवळच्या केंद्रात पाठपुरावा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची अंगे होत. उपचाराधीन रुग्णांपैकी सु. निम्म्यांचा दाब नियंत्रणात आल्याचे आढळले. २०२२ मध्ये या उपक्रमास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

खर्च व फलप्राप्ती : प्रतिबंधाने पैसा वाचतोच असे नाही. अनेकांना औषध द्यावे, तेव्हा थोड्यांचा पक्षाघात टळतो. कोणाचा टळला हे कधीच कळत नाही. परंतु प्रमुख औषधांच्या एकस्वांची मुदत संपल्याने ती स्वस्त झाली आहेत. याउलट पक्षाघाताने पंगू झालेल्या मिळवत्या माणसाचा भार सर्व कुटुंबावर वर्षानुवर्षे पडतो. त्यामुळे खर्चिलेल्या रकमेच्या मानाने मिळणारी निरोगी वर्षे या उपचारात पुष्कळ असतात. खंड पडला, की हा लाभ नाहीसा होतो. औषधाचा साठा संपणे व दवाखान्यासाठी मजुरी बुडणे ही खंड पडण्याची नित्याची कारणे होत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार ३० ते ७९ वर्षे वयाच्या अतिरक्तदाबग्रस्तांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपल्या व्याधीची जाणीव नव्हती आणि सु. पाचांपैकी एकाचाच दाब नियंत्रणात होता. मापनपट्टा शंभर वर्षांहून जुना आणि औषधे पन्नास वर्षांहून अधिक काळ उपलब्ध असताना ही स्थिती आहे. उणीव ज्ञानाची नसून ते ज्ञान दररोज व नियमितपणे दारापर्यंत पोहोचविणाऱ्या सेवेची आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.