साबणातली चरबी आणि अम्मीचे हात

साबण या शब्दाचं नातं अरबी 'साबून'शी. वस्तू मात्र कल्याणच्या आमच्या घरात उशिरा आली. नानी आंघोळीला बेसनच वापरायची. बहुतेक विलायती साबणांत जनावराची चरबी असे. ती गायीची की डुकराची, ही शंका हिंदू-मुसलमान दोघांनाही. 1920च्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत वनस्पती तेलाचा साबण काढला आणि त्या शंकेला उत्तर मिळालं. पण चरबी गेली तरी कॉस्टिक सोडा राहिलाच. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, साबण आम्लारिधर्मी; मळाबरोबर तो अंगचं तेलही नेतो. अम्मी पाचही वेळा वजूआधी हातांना साबण लावते. (वजूला खरं तर नुसतं पाणी पुरतं!) थंडीत तिच्या हातांना भेगा पडतात. रात्री मी खोबरेल चोळून देतो. फजरला पुन्हा साबण.