टेड लायन्सच्या छाव्यांचे कूळ

राजा नवाथे यांच्या ‘गुमनाम’मध्ये (१९६५) क्लबातल्या नाचाचे एक गाणे आहे, ‘जान पहचान हो’. डोळ्यांवर मुखवटा लावलेली लक्ष्मी छाया बेभान नाचते आणि मागे ड्रमवर बँडचे नाव दिसते : टेड लायन्स अँड हिज कब्ज, म्हणजे टेड लायन्स आणि त्याचे छावे. मुंबईच्या या बीट ग्रुपचे आयुष्य थोडे. लिव्हरपूलच्या बीटल्सची नक्कल म्हणून त्याला बाजूला सारणे सोपे आहे, पण तो अन्याय आहे. या पोरांचा वेश विलायती असेल. त्यांचे कूळ मात्र गोव्याच्या चर्चमधून, मुंबईच्या हॉटेलांतून आणि हिंदी सिनेमाच्या स्टुडिओतून आलेले आहे.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चच्या शाळेतला संगीतशिक्षक मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवी. ही विद्या घेऊन पिढ्यान्‌पिढ्या वादक मुंबईला आले आणि हॉटेलांतल्या नाचबँडांत वाजवू लागले. बार्देशातल्या हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ नावाने ट्रम्पेट वाजवू लागला. संगीतकार सी. रामचंद्रांनी त्याला सिनेसंगीतात जोडीला घेतले आणि भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) त्याचा बँड थेट पडद्यावर आला. ही नोंद मला फार मोलाची वाटते. एरवी वादक रेकॉर्डिंगच्या खोलीत अदृश्य असे. इथे तो झालरीच्या बाह्यांचा सदरा घालून प्रेक्षकासमोर उभा राहिला. पुढे ‘आशा’मधल्या (१९५७) ‘ईना मीना डीका’ने रॉक अँड रोल हिंदीत रुजवला, तोही सी. रामचंद्रांच्याच हातून. तेव्हा बीटल्सचे नावही जन्माला आले नव्हते. चिकच्या बँडने पडद्यावर जी जागा तयार केली, तिथेच १९६५ साली हे ‘छावे’ उभे राहिले. ट्रम्पेटच्या जागी इलेक्ट्रिक गिटार आली. म्होरक्याचे नाव पुढे आणि साथीदार मागे, ही जुन्या नाचबँडांची रीत मात्र तशीच राहिली.

यावर पहिला आक्षेप ‘जानवर’चा. त्याच वर्षीच्या या चित्रपटात हाच बँड बीटल्ससारख्या केसांचे टोप घालून दिसतो, आणि ‘देखो अब तो’ची चाल उघडउघड बीटल्सच्याच ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’वरून घेतलेली आहे. हे नाकारता येणार नाही. पण दोन्ही चित्रपटांचे संगीत शंकर-जयकिशन यांचे, म्हणून दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐकावीत. ‘जानवर’मध्ये उसनवारी आहे. ‘गुमनाम’मध्ये मात्र गिटारीची ती धारदार, एकेरी तान बीटल्सच्या आधीच्या गिटारवादनाची आठवण देते आणि तिच्याभोवती भरगच्च वाद्यवृंद उसळतो. चार जणांच्या इंग्रज बँडला असा वाद्यवृंद कुठला? शंकर-जयकिशन यांच्याकडे वाद्यवृंदाची रचना वर्षानुवर्षे सांभाळणारे सेबॅस्टियन डिसोझाही गोव्याच्याच कुळातले. एका गाण्यातल्या टोपावरून सगळा वंश ठरवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ‘जान पहचान हो’मध्ये पडद्यावर गातो तो नृत्यदिग्दर्शक हर्मन बेंजामिन, आवाज मोहम्मद रफींचा. मग पडद्यावर दिसणारे हातच रेकॉर्डवर वाजत आहेत, असे तरी कशावरून मानायचे? मानू नये. पण मग बँडकडे उरले काय, असे कोणी विचारले तर उत्तर आहे : बीट ग्रुपचे रूप. नोटेशनचे स्टँड नाहीत, हातवारे करणारा कंडक्टर नाही. मोजकी तरुण पोरे, गिटारी आणि ड्रम, आणि वाजवता वाजवता डोलणारी अंगे. मुंबईच्या हॉटेलात जे कधी पाऊल टाकणार नव्हते, त्या नागपूरच्या किंवा भिलाईच्या नव्या पोलादनगरीतल्या प्रेक्षकापर्यंत हे रूप सिनेमानेच पोचवले. चाल दुसऱ्याकडून घेता येते. उभे राहण्याची ढब अंगात मुरावी लागते, आणि ती या पोरांच्या अंगात होती.

पुढे या कुळाला दोन फांद्या फुटल्या. एक सिनेमातच वाढली : ‘तीसरी मंझिल’मध्ये (१९६६) आर. डी. बर्मन यांच्या संगीतावर शम्मी कपूर ड्रमवादक रॉकी झाला, म्हणजे मागे उभा असणारा वादक आता नायक झाला. दुसरी फांदी तरुणांच्या इंग्रजी बँडांची. इम्पीरियल टोबॅकोच्या सिमला सिगारेटने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांमुळे १९७० आणि १९७१ साली त्यांच्या एलपी निघाल्या. तिथे चर्चची स्वरलिपीही मागे पडली आणि रफींचा आवाजही. पोरे स्वतःच गाऊ लागली.