नामावलीबाहेरचे योजक

नाटक शिकवताना आपण ‘पात्रयोजना’ हा शब्द सहज वापरतो. लेखकाने पात्रे कशी योजिली याची चर्चा होते. पण त्या पात्राला चेहरा आणि आवाज कोणी मिळवून दिला, हा प्रश्न समीक्षेत सहसा येत नाही. सुभाषितात ज्याला दुर्लभ म्हटले आहे तो योजक चित्रपटाच्या इतिहासात दुर्लभ नव्हता. त्याचा उल्लेख होत नव्हता इतकेच. या अनुल्लेखाचा आणि त्याच्या मिळकतीचा संबंध किती निकटचा आहे, हे अमेरिकेतील कास्टिंग डिरेक्टरांच्या इतिहासावरून दिसते.

हॉलिवुडच्या स्टुडिओ-काळात बहुतेक नट कंपनीशी करारबद्ध असत. नायक, खलनायक, प्रेमळ आई अशा ठरीव साच्यांच्या याद्या तयार असत आणि यादीतले नाव भूमिकेसमोर लिहिणे, एवढेच पात्रनिवड विभागाचे काम बव्हंशी मानले जाई. १९४८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली. पुढे करारपद्धतीही ढासळली. नट मोकळे झाले आणि त्यांना हेरणारी नजर आवश्यक ठरली.

ही नजर न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणीने घडवली. थेट प्रक्षेपित होणाऱ्या नाटकांना दर आठवड्याला नवे नट लागत. मॅरियन डॉहर्टी त्या धबडग्यात तयार झाल्या. साच्यापेक्षा माणूस पाहावा, हा त्यांचा दृष्टिकोन. ‘नेकेड सिटी’ या मालिकेत त्यांनी जॉन व्हॉइट या नवख्या नटाला संधी दिली. ती त्याला साधली नाही. तरीही ‘मिडनाइट काउबॉय’साठी (१९६९) डॉहर्टी यांनी त्याचेच नाव लावून धरले. व्हॉइटला ऑस्करचे नामांकन मिळाले, चित्रपट त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ठरला. श्रेयनामावलीत मात्र डॉहर्टी यांचे नाव नव्हते. आदल्याच वर्षी, ‘द थॉमस क्राउन अफेअर’मध्ये, लिन स्टॉलमास्टर यांना पडद्यावर स्वतंत्र पाटी मिळाली होती, पण तो अपवाद होता.

आता पैशाचे पाहू. नटाचा एजंट त्याच्या मिळकतीचे साधारण दहा टक्के घेतो. नट मोठा झाला की एजंटही मोठा होतो. कास्टिंग डिरेक्टरला चित्रपटामागे ठरलेली एकरकमी बिदागी मिळते. त्याने शोधलेला नट पुढे कोट्यधीश झाला, तरी त्यातला छदामही त्याच्या वाट्याला येत नाही. नटाकडून पैसे घेणे तर व्यवसायनीतीला धरून नाहीच. एक चित्रपट संपला की पुढचा मिळेपर्यंत हात रिकामे. साहाय्यक म्हणून कमी पगारावर बरीच वर्षे उमेदवारी केल्यावर स्वतःचे नाव होते, झाले तर.

या व्यवसायात स्त्रियांची संख्या मोठी राहिली आणि त्यामुळेच तो साहाय्यकाच्या दर्जाचा समजला गेला, असे म्हणायला जागा आहे. त्यांच्या पदनामातल्या ‘डिरेक्टर’ या शब्दालाही दिग्दर्शकांच्या संघटनेने हरकत घेतली होती. आजारविमा आणि निवृत्तिवेतन यांसाठी लॉस एंजेलिस व न्यूयॉर्कच्या कास्टिंग डिरेक्टरांना अखेर २००५ मध्ये टीमस्टर्सचा, म्हणजे मुळात मालवाहू गाड्या हाकणाऱ्यांच्या संघटनेचा, आश्रय घ्यावा लागला. कलावंतांच्या दुनियेने जे दिले नाही ते ट्रकचालकांच्या संघटनेने दिले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

मान त्यानंतर आला. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०१३ मध्ये त्यांची स्वतंत्र शाखा केली, २०१६ मध्ये स्टॉलमास्टर यांना मानद ऑस्कर दिले, आणि २०२५ सालच्या चित्रपटांपासून पात्रनिवडीचा पुरस्कार सुरू केला. अभिनयाचे पुरस्कार १९२९ पासून दिले जात होते. डॉहर्टी २०११ मध्येच निवर्तल्या होत्या.

या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या तरुणाला काय सांगावे? पुरस्काराने बिदागी वाढेलच असे नाही. पण ज्या कामाला नाव नसते त्याचे मोलही कोणी विचारत नाही, हे या इतिहासातून निश्चित दिसते. आणि आपण समीक्षकांनी एखाद्या नटाचे ‘त्या भूमिकेसाठीच जन्मला’ असे कौतुक करताना, त्याला तिथवर कोणी आणून पोचवले, हे एकदा नामावलीत शोधावे.