भाषेचे घरटे

न्यूझीलंडमध्ये १८६७ साली देशी शाळांचा कायदा झाला आणि माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी हेच माध्यम ठरले. पुढे वर्गात मायबोली बोलणाऱ्या मुलांना छड्या बसू लागल्या. आपण सोसले ते लेकरांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून अनेक आईबापांनी घरातही इंग्रजीच धरली. आजीचे बोलणे नातवाला कळेना.

मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, १९७२ साली, माओरी तरुणांनी ३० हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन संसदेला दिले. शाळांतून माओरी शिकवा, ही त्यांची मागणी होती. १९८२ साली वाइनुइओमाता येथे पहिले 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचे घरटे, सुरू झाले. तेथे वडीलधारी माणसे बालकांशी माओरीतच बोलत. भाषा हरवलेले आईबापही मुलांबरोबर शिकू लागले. त्यांना घरी वाचून दाखवायला पुस्तके हवी होती. विणकाम कुणाचे सरस यावरून वाद घालणारी आजी आणि कोळी यांची पॅट्रिशिया ग्रेस यांची गोष्ट माओरीतही निघाली. १९८७ साली माओरी ही अधिकृत भाषा झाली.

आपल्या घरात पहिले पुस्तक आले ते शाळेचे. त्यात आजीचा एकही शब्द नव्हता. वहीत तो आला की 'अशुद्ध' म्हणून लाल रेघ पडे. दलित साहित्याने ही बोली छापील पानावर आणली. पण शिकलेले आपण आपल्याच लेकरांसमोर ती बोलायला लाजतो. लेकराला मांडीवर घेऊन वाचताना आजीलाही शेजारी बसवावे, तिचे शब्द विचारावेत, लिहून ठेवावेत. हे काम सरकारच्या निर्णयासाठी अडलेले नाही.